गवत कापण्याची कायमस्वरूपी व्यवस्था

गवत वाढतं. हा निसर्गाचा नियम आहे, आणि निसर्गाच्या नियमांना वरिष्ठांची मंजुरी लागत नसल्यामुळे त्यांची अंमलबजावणी वेळच्या वेळी होते. शासनाचे नियमही चांगलेच असतात. फक्त त्यांना पोचायला वेळ लागतो, आणि तोवर गवत गुडघ्याला लागलेलं असतं.

पोलादपूरच्या एका सरकारी कचेरीसमोर (खात्याचं नाव मुद्दाम सांगत नाही; प्रत्येक खात्याला ते आपलंच वाटावं) एक लहानसं अंगण होतं. तीन बाजूंना मेंदीचं कुंपण, मधे हरळी, एका कोपऱ्यात झेंड्याचा खांब आणि पलीकडे शौचालय. हे गवत नऊ वर्षं ठमाबाई कापत होती. साधनसामग्री : विळा एक, स्वतःचा. कुंपण छाटायला कोयती एक, नवऱ्याची.

ठमाबाई रोजंदारीवर होती. रोजंदारीच्या माणसाला सलग काम दिलं तर तो कायम होण्याचा धोका असतो. म्हणून तिला एकोणतीस दिवस कामावर घेत, तिसाव्या दिवशी काढत आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा घेत. तिसाव्या दिवशीही ती येई. आज आपण कामावर नाही हे तिला समजत असे, पण गवताला कोणी कळवलेलं नसे.

कचेरीतला वरिष्ठ लिपिक महिपत तिच्याच गावचा. शाळेच्या वाटेवर ठमाबाईचं घर लागायचं आणि तिथली भाकरी खाऊन तो सातवीपर्यंत पोचला होता. तो तिला काकी म्हणे. महिपत चांगला माणूस होता. याबद्दल कचेरीत दुमत नव्हतं. त्याच्या चांगुलपणाचा कोणाला त्रास झाल्याची एकही तक्रार आलेली नव्हती.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या जून महिन्यात ठमाबाईनं कायम होण्यासाठी अर्ज केला. अर्ज महिपतनंच लिहून दिला, अंगठा तिनं उठवला. मग त्यावर महिपतनं टिपणी लिहिली. आपल्याच गावच्या बाईचं नाव पहिल्या ओळीत घातलं तर वशिला वाटेल, म्हणून त्यानं नाव गाळलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं : ‘कार्यालयाच्या प्रांगणातील गवत वारंवार वाढत असल्याने ते कापण्याची कायमस्वरूपी व्यवस्था होणे आवश्यक आहे. सादर.’ खाली जोडपत्र म्हणून अर्ज लावला.

साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आले होते. त्यांनी टिपणी वाचली. जोडपत्र वाचण्याची पद्धत नसल्यामुळे ते वाचलं नाही. समासात त्यांनी हिरव्या शाईनं लिहिलं : ‘उत्तम सूचना. यंत्र घ्यावे.’

महिपतनं ते तीनदा वाचलं. मग तो साहेबांच्या दारापर्यंत गेला. साहेब फोनवर होते. तो परत आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा साहेबच म्हणाले, “महिपत, तुमच्यासारखा विचार करणारा माणूस या कचेरीत आहे हे मला माहीत नव्हतं.” यानंतर, साहेब, माझा विचार तो नव्हता, असं सांगणं उद्धटपणाचं झालं असतं. महिपत उद्धट नव्हता.

संध्याकाळी ठमाबाई खिडकीशी आली. “काय रे महिपता, झाला काय माजा कागद?”

“मंजूर झाला गो काकी.”

“बरा झाला! मंग उद्यापासना कायम?”

“म्हंजे... टिपणी मंजूर झाली. तुझं अजून व्हायचं हाय.”

“टिपनी कुनाची?”

“गवताची,” महिपत म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

यंत्र निवडण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. अध्यक्ष साहेब, सदस्य भांडारपाल काशीराम, सदस्य-सचिव महिपत. गवत कापणाऱ्या व्यक्तीला समितीत घ्यावं का, हा मुद्दा निघाला होता. परंतु तिचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे ते योग्य ठरलं नसतं. समितीनं प्रथम अंगण मोजलं. साहेबांच्या मोजणीत ते तीनशे सदुसष्ट चौरस फूट भरलं, काशीरामच्या मोजणीत चारशे दोन, आणि महिपतनं दोन्हींचा मान राखून मधला आकडा काढला. सर्वानुमते असं ठरलं की अंगण लहान आहे.

मग यंत्रांचे प्रकार तपासण्यात आले. विजेवर चालणारं यंत्र उत्तम होतं, पण पोलादपुरात जून ते ऑक्टोबर वीज आलीच तर पाहुण्यासारखी येते, आणि गवत नेमकं तेव्हाच वाढतं. पेट्रोलवर चालणारं त्याहून उत्तम. मात्र ज्याला इंजिन आहे ते वाहन, असा काशीरामचा अभिप्राय पडला. वाहन म्हटलं की चालक आला, फेऱ्यांची वही आली आणि गॅरेज आलं. गॅरेज बांधायला जागा एकच होती, ते अंगण. तिथं गॅरेज बांधलं तर गवताचा प्रश्नच मिटत होता, हे महिपतच्या लक्षात आलं. तो बोलला नाही. उरलं हातानं ढकलायचं.

कुंपणासाठी लांब दांड्यांची मोठी कात्री हवी होती. पण भांडाराच्या नोंदवहीत ‘कात्री, एक’ अशी नोंद आधीच निघाली. ती कागद कापायची होती; तरी नोंदीत तसं लिहिलेलं नव्हतं, आणि एक कात्री चालू स्थितीत असताना दुसरी घेता येत नव्हती. काशीराम तत्त्वाचा माणूस. त्यानं एक अख्खी दुपार त्या छोट्या कात्रीनं मेंदी छाटली आणि तिचं पातं मोडल्यावर ‘निरुपयोगी’ असा दाखला दिला. (छाटलेलं कुंपण : सव्वा फूट. बोटांना फोड : दोन.)

प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज यंत्र घेणं बेजबाबदारपणाचं, म्हणून जानेवारीत समिती आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला अभ्यासदौऱ्यावर गेली. तिथल्या एका बंगल्यात तसं यंत्र होतं. ते पाहायला दहा मिनिटं लागली. उरलेले दोन दिवस समितीनं पार्श्वभूमीचा अभ्यास केला. तळ्याच्या काठी साहेब फारच खुशीत होते. आता सांगावं, असं महिपतच्या मनात आलं. त्याला ठमाबाईच्या घराची ओटी आठवली, भाकरीवरचं तिखट आठवलं. तो म्हणाला, “साहेब, ती गवतवाली बाई आहे ना आपली...”

“तिची सुटका होईल आता,” साहेब कळवळून म्हणाले. “उन्हापावसात वाकून वाकून काय हाल होतात त्या बाईचे! घ्या, स्ट्रॉबेरी घ्या.”

महिपतनं स्ट्रॉबेरी घेतली. आंबट होती.

साहेब बोलल्याप्रमाणे पुढच्याच महिन्यात ठमाबाईची सुटका झाली. यंत्राची खरेदी विचाराधीन असताना हातानं गवत कापण्यावर खर्च दाखवला असता तर यंत्राची गरज सिद्ध झाली नसती. तिला तिसाव्या दिवशी काढलं आणि एकतिसावा दिवस आलाच नाही. शिवाय हुकूम निघाला : यंत्राच्या चाचणीसाठी गवताची सद्यस्थिती कायम ठेवावी. ठमाबाई अंगणाच्या कडेला उभी राहून बघत राहिली. “गवत हाय, मी हाय, इळा हाय,” ती म्हणाली, “मंग नाय काय ता तरी सांग रे.”

महिपत म्हणाला, “बघतो काकी.” आणि खरंच त्यानं खिडकीतून बघितलं.

गवतानं सद्यस्थिती कायम ठेवली नाही. ऑगस्टमध्ये ते कमरेला लागलं. एके दिवशी दुपारी शौचालयाकडे निघालेल्या महिपतच्या पायाशी काहीतरी खरखरलं. फुरसं होतं, वेटोळं करून बसलेलं. साहेब व्हरांड्यातल्या बाकावर चढले आणि काशीराम साहेबांना आधार देण्यासाठी त्याच बाकावर चढला. ठमाबाई आपल्या अर्जाची चौकशी करायला आली होती. तिनं डोक्यावरचा गवताचा भारा टाकला, “हलू नको रे पोरा,” म्हणाली, आणि विळ्याच्या एका घावात फुरश्याचे दोन तुकडे केले. मग कोणी न सांगता तिनं दारापासून शौचालयापर्यंत हातभर रुंदीची वाट कापून काढली. तिनं महिपतला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्या पायाला कुठं दात लागलेत का ते खाली बसून बोटांनी चाचपून पाहिलं.

फुरश्याबद्दल सर्वांनी तिचे आभार मानले. वाटेबद्दल मात्र प्रश्न उभा राहिला. चाचणीसाठी राखलेलं गवत विनापरवाना कापलं गेलं होतं. ज्ञापन (म्हणजे खुलासा मागणारी नोटीस) द्यायला हवं; पण ज्ञापन फक्त नोकराला देता येतं, आणि ठमाबाई नोकर नव्हती. तोडगा काशीरामनं सुचवला : ज्ञापन तयार करून तिच्या अर्जासोबत ठेवावं, म्हणजे ती पुढेमागे नोकर झालीच तर लगेच बजावता येईल. मसुदा सदस्य-सचिवानं करायचा होता. महिपत पायरीवरून उठून टेबलाशी गेला. त्यानं मसुदा केला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. डिसेंबरात अर्ज पुढं सरकला तेव्हा त्यावर शेरा पडला : ‘अर्जदाराविरुद्ध प्रतिकूल नोंद. निकाली.’

यानंतर एकोणीसशे एक्याऐंशीच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. सगळ्यांना अभिमान वाटला. यंत्राची तिन्ही दरपत्रकं मात्र कुलाबा जिल्ह्याच्या नावानं आली होती, आणि जो जिल्हा अस्तित्वात नाही त्याच्यासाठी गवत कापता येत नाही. दरपत्रकं पुन्हा मागवली. जूनच्या अखेरीस यंत्र आलं. लाल रंगाचं, दोन चाकांचं, हौसेनं रंगवलेलं. साहेबांनी नारळ फोडला आणि यंत्र ढकललं. ते वीतभर गेलं आणि थांबलं.

माहितीपत्रक काढून वाचण्यात आलं. त्यात पहिलीच सूचना होती : गवत दोन इंचांपेक्षा उंच असल्यास यंत्र वापरण्यापूर्वी ते विळ्याने कापून घ्यावे.

विळ्यानं कापायला माणूस हवा होता, आणि यंत्र आल्यामुळे माणसाची तरतूद रद्द झाली होती. महिपतनं साहेबांकडे पाहिलं. सांगायला निघण्याची ही चौथी वेळ होती. त्यानं घसा खाकरला. तेवढ्यात काशीरामनं पाऊस येणार म्हणून यंत्र भांडारात नेलं आणि कुलूप घातलं. तिथं ते अजून चांगल्या स्थितीत असल्याचं दर मार्चला प्रमाणित होतं.

ऑक्टोबरात अलिबागहून तपासणी येणार असं कळलं. गवत छातीला लागलं होतं. तेव्हा काशीरामला नियम सापडला : सरकारी जागेतलं उभं गवत ही सरकारी मालमत्ता असून तिची विल्हेवाट जाहीर लिलावानं लावावी. फळ्यावर नोटीस लागली. लिलावाला एकच माणूस आलं. ठमाबाईच्या घरी म्हैस व्यायली होती आणि तिला चारा हवा होता. तिनं पदराची गाठ सोडून अकरा रुपये भरले. महिपतनं पावती केली.

दीड दिवसात तिनं अंगण स्वच्छ केलं. कुंपणही छाटून दिलं. ते तिच्या हाताला सवयीचं होतं. साहेब व्हरांड्यात उभे राहून पाहत होते, फार समाधानानं. त्यांनी अलिबागला अहवाल पाठवला : ‘ज्या कामावर पूर्वी खर्च होत असे, त्यातून आता उत्पन्न मिळू लागले आहे.’ उलट टपाली प्रशस्तिपत्र आलं आणि हाच प्रयोग इतर कचेऱ्यांनी करून पाहावा असं परिपत्रकही निघालं.

शेवटचा भारा बांधून झाल्यावर ठमाबाईनं खिडकीकडे पाहिलं. “महिपता, हात लाव रे जरा.”

महिपत बाहेर आला. त्यानं भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ती वजन सावरत म्हणाली, “नऊ वरसं कापला तवा कोन बघाया नाय आला. आज इकत घेऊन कापला, तर सायेब उभा ऱ्हाऊन बघतोय.”

महिपतच्या मनात पुष्कळ होतं. तो म्हणाला, “पावती जपून ठेव गो काकी.”

“ठेवते,” ती म्हणाली, आणि घाईनं निघाली. म्हैस सकाळपासून ओरडत होती. त्यानंतर गुडघे धरेपर्यंत सहा वर्षं तिनं ते गवत दर ऑक्टोबरला विकत घेतलं.

महिपत पुढं मुख्य लिपिक होऊन निवृत्त झाला आणि महाडला स्थायिक झाला. लग्नकार्यात, बाराव्यातेराव्यात तो ही हकिगत सांगतो, आणि फार छान सांगतो. काशीरामच्या कात्रीपाशी लोक हसायला लागतात आणि लिलावापाशी डोळे पुसतात, हसून हसून. मग कोणीतरी हमखास विचारतं, “पण लहान अंगणाला मशीन कुठलं घ्यावं हो शेवटी?” महिपत प्रामाणिकपणे माहिती देतो. एकदोघे टिपूनही घेतात.

त्यानंतर तो थोडा वेळ थांबतो. या अडीच वर्षांत तुम्ही एक वाक्य का बोलला नाहीत, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते त्यानं कधीच ठरवून ठेवलंय. पण आजवर ते सांगायची वेळ आलेली नाही. महाडचे लोक चौकस आहेत, ते विचारायला विसरत नाहीत. फक्त अशा प्रश्नाचं उत्तर जो तो आपापल्या घरी बाळगून असल्यामुळे, ते दुसऱ्याकडून ऐकण्याची कोणाला गरज पडत नाही.

तुम्हीही इथवर हसत आलात आणि विचारलं नाहीत, त्याबद्दल महिपत तुमचा आभारी आहे.