नाळेवरची मोटर

नवी वस्तू घरात आली की आमचे शेजारी काशिनाथ नाखवा ती आधी उघडतात. खोका नव्हे, वस्तू. मुलीच्या लग्नात आलेला मिक्सर त्यांनी मांडवातच खोलला होता. जावयाने हौसेने दिलेलं मनगटी घड्याळ दुसऱ्याच दिवशी ओटीवर वर्तमानपत्रावर पसरलेलं होतं. परत जुळवल्यावर दोन चक्रं उरली, तरी घड्याळ चालत होतं. "कंपनीवाले उगाच भरती करतान," असा निकाल देऊन नाखवांनी ती चक्रं खिडकीतून टाकून दिली.

"मानसानं केलंय ना? मंग उघरून बघू," हे त्यांचं ब्रीद. दिघीच्या खाडीजवळच्या या कोळीवाड्यात मी हायस्कूलचा मास्तर म्हणून राहायला आलो, त्या आठवड्यात त्यांनी माझा टेबलफॅन उघडला. तो चांगला चालत होता, हीच त्यांची तक्रार होती. "असा कसा चालतो, ते बघाय होवं!"

गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद होती आणि सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, तेव्हा नाखवांनी उरणकडून एक लांबलचक खोका आणला. आत बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर होती. म्हणजे एक पुरुषभर उंचीचा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला छोटा पंखा आणि हातात धरायचं एक रिमोट. दांडा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर बसवायचा. मोटर आवाज न करता होडी हळूहळू चालवते. शिवाय एक बटण दाबलं की उपग्रहाला विचारून होडीला आहे त्याच जागी धरून ठेवते, नांगर लागत नाही. ज्या गृहस्थाने ती विकली त्याला गळ टाकून मासे धरायचा फार शौक होता. फक्त बोट लागायची.

"होरीला दोन सिलिंडरचं इंजिन असताना हे पंखं कशाला?" सगळ्यांनी विचारलं.

"मासलीला आवाज आवरत न्हाय," नाखवा म्हणाले. इथल्या बोलीत 'ड'चा 'र' होतो; म्हणजे मासळीला आवाज आवडत नाही.

आजवर त्यांच्या होडीच्या धडधडीने खाडीपलीकडच्या गावाला जाग यायची, आणि मासे तरीही जाळ्यात येत होते. पण नाखवांशी वाद कोण घालणार?

मोटरबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी इतिहास-भूगोल शिकवतो. रोज संध्याकाळी ओटीवर बसून मी एकेक पान मराठीत सांगायचो, आणि पुस्तक जे जे करू नका म्हणायचं ते ते नाखवा पुढ्यात बसून करायचे. "मोटरचं कवच उघडू नये," हे वाक्य मी वाचलं तेव्हा कवच त्यांच्या मांडीवर होतं.

खरा तंटा झाला तो भोकं पाडायच्या वेळी. नाळ उतरती, मोटरला सपाट बैठक हवी. तळा गावच्या एका वेल्डिंगवाल्याकडून नाखवांनी न गंजणारी पट्टी करून आणली. तो माणूस जन्मभर बंगल्यांची गेटं करत आलेला. सवयीने त्याने पट्टीच्या मधोमध कमळ काढलं होतं. त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती. पण नाखवा ड्रिल घेऊन होडीवर चढले, तशी त्यांची बायको हिराबाय खाली पदर खोचून उभी राहिली.

"नाळेला भोक पारतंस? आपून तिची पूजा करतो, तिला हलद-कुंकू लावतो, आन तू तिच्या कपालाला भोक पारतंस?"

नाखवांनी ड्रिल खाली ठेवलं, नाळेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "माफ कर गो." हे हिराबायला की होडीला, ते कळलं नाही. दोघींनीही माफ केलं असावं, कारण दुपारपर्यंत सहा भोकं पडली, बोल्ट आवळले गेले आणि पाणी झिरपू नये म्हणून सगळीकडे इतका मसाला थापला गेला की कमळ दिसेनासं झालं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या आणि चाचणीला अख्खा कोळीवाडा धक्क्यावर जमला. नाखवांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. डिझेल इंजिन बंद झालं. दांडा खाली गेला. बटण दाबलं. होडीखालून एक लाट आली, नाळ वर उचलली गेली आणि पंखा पाण्याबाहेर येऊन हवेत फिरू लागला. त्याने उडवलेलं पाणी थेट नाखवांच्या सदऱ्यावर. लाट उतरली की पंखा बुडायचा, चढली की पुन्हा बाहेर.

"नाखवा, उकरतंय का? पंखा बरा घेतलाव!" धक्क्यावरून कोणीतरी ओरडलं. हसून हसून लोक बसले.

दांडा आखूड पडला होता. पुस्तकात नाळेची उंची मोजायला सांगितलं होतं, ते पान मी दोनदा वाचून दाखवलं होतं. पण त्या दोन्ही वेळा नाखवा स्क्रू शोधत होते.

वाटलं, आता मोटर माळ्यावर जाणार. नाखवांचा उत्साह साधारण तीन आठवडे टिकतो, असा हिराबायचा अनुभव. पण यावेळी ते तळ्याला पाच खेपा घालून आले. नाळेच्या टोकावरून मोटर काढून नाळेच्याच बाजूला, हातभर खाली बसेल असा आकडा करून घेतला. पुन्हा भोकं, पुन्हा मसाला. जुनी भोकं त्यांनी इतकी निगुतीने बुजवली की हात फिरवूनही सापडत नव्हती. एवढी चिकाटी मासळीसाठी? मला नवल वाटलं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "चला मास्तर. पुस्तक तुम्ही वाचलंव, मोटर पन तुम्हीच बघा."

दोघंच निघालो. जाळं नव्हतं, गळही नव्हता. तासदीड तास गेल्यावर त्यांनी किनाऱ्याकडे वळून पाहिलं, खुणेचा एक डोंगर दुसऱ्याच्या मागे बरोबर झाकला जाईपर्यंत होडी सरकवली आणि इंजिन बंद केलं. मोटर पाण्यात सोडली. बटण दाबलं. पाण्याला ओढ होती, तरी होडी त्या एका जागी उभी राहिली. कानात नुसती लाटांची चळचळ.

"नाखवा, इथं काय मिळतं?"

"कायच न्हाय."

"मग थांबायचं तर नांगर टाकायचा. एवढा खटाटोप कशाला?"

ते पाण्याकडे बघत होते. "नांगर कसा टाकू, मास्तर? खाली धर्मा हाय."

धर्मा त्यांचा धाकटा भाऊ. मी गावात येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, अवचित उठलेल्या वाऱ्यात त्याची होडी इथे बुडाली. बरोबरचे दोघे वाचले. धर्मा सापडलाच नाही. एवढं मी ऐकून होतो. नाखवा अजून इथे येतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"इंजिन बंद केलं की पानी खेचून नेतं," ते सावकाश म्हणाले. "चालू ठेवलं तं माझंच मना आयकू येत न्हाय, त्याला काय जानार? आन वरून लोखंड टाकायचं म्हंजे..."

मग कठड्यावर हात टेकून ते वाकले आणि शेजारच्या ओटीवर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागले. माझी पोर नर्स झाली, पनवेलला असते. तिला मुलगा झाला, नाक तुझ्यावर गेलंय. हिराचे गुडघे दुखतात. यंदा बोंबील चांगला पडला. घाई नव्हती, आवाज चढवावा लागत नव्हता. मधेच ते थांबायचे, दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतल्यासारखे, आणि मान हलवायचे.

मी दुसरीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, तुम्ही पन काय तरी बोला. नवीन मानूस आलं की त्याला लय आवरायचं."

साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज. तो मी खाली उतरवला. मी पाण्याकडे वळून हात जोडले आणि धर्माला माझं नाव सांगितलं. मग गाव सांगितलं.