सबनीसांचा आतला अर्थ

सबनीसांबरोबर सिनेमा पाहिला की तो दोनदा पाहावा लागतो. एकदा पडद्यावर आणि एकदा सबनीसांच्या तोंडून. दुसरा जास्त लांब असतो आणि त्याला मध्यंतर नसतं.

बिबवेवाडीत आमची दारं समोरासमोर आहेत. सबनीस खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. गोळ्याच्या कवचाला कुठे बारीक चीर आहे का, हे भिंगातून बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर गोळे संपले, पण भिंग काही डोळ्यावरून उतरलं नाही. मग त्यांनी सिनेमे, कविता आणि गाण्यांचे व्हिडिओ तपासायला घेतले.

"पाटणकर, हे झालं वरवरचं," ते मला नेहमी ऐकवतात. "आत काय आहे?"

एका सिनेमात नायक हात धुतो आणि नळ थोडा गळत राहतो. सबनीसांनी अंधारात माझं कोपर दाबलं. "पाहिलंत? काळ गळतोय."

"वायसर गेलाय," मी म्हणालो.

"तुम्ही प्लंबरच्या नजरेनं बघता."

आमच्या घरच्या नळांची अवस्था पाहता, हा आरोप माझ्यावर आजवर कुणी केला नव्हता.

सोसायटीच्या गणपतीत पहिली-दुसरीतल्या मुलींनी छत्री हरवल्याच्या कुठल्याशा गाण्यावर नाच बसवला होता. टाळ्या थांबायच्या आत सबनीस माईकपाशी. "छत्री म्हणजे काय? तर अहंकार! तो हरवल्याशिवाय माणूस भिजत नाही." आरती अर्धा तास खोळंबली. एका चिमुरडीनं विचारलं, "आजोबा, मी अहंकार झाले होते का?" सबनीस तिला म्हणाले, "नाही बाळ, तू वारा होतीस." तिला फार आनंद झाला. महिनाभर खपून छत्रीचा पोशाख शिवणाऱ्या तिच्या आईला झाला नाही.

कवितेत तर त्यांनी कमाल केली. एका कवीच्या कार्यक्रमाला ते त्याचा संग्रह आधीच वाचून गेले. 'घराला दर नाही' या ओळीवर श्रोत्यांतून उठून वीस मिनिटं बोलले. जागांचे भाव, माणुसकीचं मोल, सगळं आलं त्यात. कवी गरीब स्वभावाचा होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अहो, ते 'दार' आहे. छापताना काना पडला."

"तुम्ही फक्त लिहिलंय," सबनीस म्हणाले. "अर्थाचं तुम्ही बोलू नका."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. मुग्धाचं मात्र नेता आलं नाही.

मुग्धा ही सबनीसांची एकुलती एक मुलगी. ती दुसरीत असताना तिची आई गेली. मोठी झाल्यावर ती मुंबईला जाऊन गाण्यांचे व्हिडिओ करायला लागली. आपला पहिला व्हिडिओ दाखवायला ती पेढे घेऊन आली, आम्हा शेजाऱ्यांनाही बोलावलं. व्हिडिओ चार मिनिटांचा. सबनीसांनी तो नऊ वेळा थांबवला. "ही खिडकी कशासाठी? हा निळा रंग का?" मुग्धा आधी उत्साहानं सांगत होती, मग नुसतीच मान हलवायला लागली. शेवटी सबनीसांनी निकाल दिला. "दिसायला छान आहे. आत काही नाही."

मुग्धानं लॅपटॉप मिटला. "बाबा, मी तुमच्या कारखान्यातून आलेले नाही," म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी परत गेली. मी तेव्हा पेढा खात होतो. खातच राहिलो.

त्यानंतर तीन वर्षं ती आली नाही. कुणी विचारलं तर सबनीस "कामात असते" म्हणायचे आणि कुठल्या तरी सिनेमाचा विषय काढायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी माझी बेल वाजवली. बनियनवरच आले होते. बनियनवर दाराबाहेर पडणारे सबनीस मी प्रथमच पाहत होतो. हातात फोन. "मुग्धाचं नवीन गाणं आलंय. जरा बघता का?"

आम्ही त्यांच्या घरात जाऊन बसलो. गाण्यात एक स्वयंपाकघर होतं. एक माणूस ऑफिसच्या कपड्यांत, दातांत रिबन धरून, शाळेला निघालेल्या मुलीच्या वेण्या घालत होता. एक वेणी जाड झाली, एक बारीक. पोरगी तशीच दप्तर उचलून पळाली. संपलं.

मी व्याख्यानाच्या तयारीनं पाठ टेकली. पण सबनीस माझ्याकडेच बघत होते.

"यात काय असेल हो, पाटणकर?"

"म्हणजे?"

"मी सकाळपासून बघतोय. मला काही सांगता येत नाहीये. तिला काय म्हणायचं असेल? राग असेल का?"

इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची माझ्याकडे फर्मास वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "सबनीस, तिच्या वेण्या घालणारा माणूस आहे तो," मी म्हणालो. "तुम्ही आहात."

"एवढंच?"

"एवढंच. फोन लावा तिला."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. नंबर लावायला त्यांना बराच वेळ लागला. रिंग वाजत राहिली आणि मग तिकडून मुग्धाचा आवाज आला. "हॅलो? बाबा?"

सबनीसांनी घसा साफ केला. "डावी जाड व्हायची," ते म्हणाले. "मला जमायचंच नाही ते."

तिकडून मुग्धा म्हणाली, "शाळेत बाई रोज सोडून परत घालायला बघायच्या. मी हात लावू द्यायचे नाही."

मी उठलो, चपला हातातच घेतल्या आणि बाहेर येऊन त्यांचं दार हलकेच ओढून घेतलं.