काटेकरांनी ग्रह घेतला

एका जंगलात, बाळांनो, काटेकर नावाचे एक साळिंदर राहत होते. वयाने पोक्त, स्वभावाने सरळ. खणण्यात त्यांचा हात धरणारं आसपासच्या चार टेकड्यांत कोणी नव्हतं.

टेकडीच्या उतारावर त्यांचं बीळ होतं. दोन दारं, तीन खोल्या आणि कंद ठेवायला मागे एक कोनाडा. लग्नाच्या वर्षी काटेकर आणि मंजुळाबाई, दोघांनी मिळून ते खणलं होतं. खणताना मध्येच एक भलामोठा दगड लागला. तो काढायला अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांतच नवराबायकोची खरी ओळख झाली.

त्याच जंगलात तरसेशेठ नावाचं एक तरस होतं. ते सारखे हसत. गमतीचं काही घडलेलं नसलं तरी हसत. असा हसरा प्राणी वाईट कसा असेल, असं सगळ्यांना वाटे.

एक दिवस तरसेशेठांनी आपल्या गुहेत खेळघर उघडलं. आत वीस चकाकते पडदे लावले. खेळाचं नाव 'दूरगंगा'. प्रवेश फुकट.

फुकट का, असं कोणी विचारलं नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करणं त्या जंगलात असभ्यपणाचं मानत.

खेळ सोपा होता. यानात बसायचं, लांबच्या ग्रहावर उतरायचं आणि किरणांच्या बंदुकीने खडक फोडायचे. खडकातून उल्का निघत. उल्का म्हणजे त्या खेळातलं नाणं. निळंशार, गोल, स्वतःभोवती फिरणारं. उल्का मिळाली की 'टिंग' असा आवाज येई. ती हातात धरता येत नसे आणि चावता तर मुळीच येत नसे. पण 'टिंग' फार गोड होतं.

तरसेशेठांच्या आसनाजवळ एक बटण होतं. ते दाबलं की पाहिजे तेवढ्या उल्का तयार होत. खडक त्यांना फोडावे लागत नसत. एवढ्या मोठ्या माणसाला खडक फोडायला वेळ कुठला असणार?

काटेकर पहिल्यांदा गेले ते सहज डोकावायला. आठवड्याभरात त्यांनी 'करडा-सात' ग्रहावर सगळ्यांत जास्त खडक फोडले. त्यांचं नाव फलकावर सर्वांत वर झळकलं. बाळांनो, काटेकरांनी जन्मभर कंद खणले होते, पण त्यासाठी कधी कुणी फलक लावला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. पहिल्या तीनशे उल्का मिळाल्या तशी त्यांनी पडद्यावरच्या साळिंदराला चंदेरी काटे घेतले.

"अहो," मंजुळाबाई म्हणाल्या, "कोनाडा रिकामा झालाय. कंद कधी खणणार?"

"अगं, दिवसभर खणतोच आहे की."

"कुठे?"

"करडा-सातवर."

"मग येताना तिथलाच एखादा घेऊन या," मंजुळाबाई म्हणाल्या आणि स्वतः कंद खणायला गेल्या.

पुढच्या महिन्यात तरसेशेठांनी काटेकरांना बाजूला घेतलं.

"काटेकर, तुमच्यासारख्याने अजून भाड्याच्या यानात फिरावं? शोभत नाही. 'हरित-चार' ग्रह विक्रीला आहे. बारमाही झरे, दोन चंद्र, शेजारी कोणी नाही. चाळीस लाख उल्का."

काटेकरांजवळ नव्वद हजार होत्या. रोज दहा तास खडक फोडले असते तरी चाळीस लाख व्हायला सहा वर्षं लागली असती.

"एवढ्या कुठून आणू, शेठ?"

"का? बीळ आहे ना तुमचं? मी घेतो. रोख चाळीस लाख देतो. आत्ता!"

"मग आम्ही राहायचं कुठे?"

"तिथेच राहा हो! मी काय तुम्हाला बाहेर काढतोय? भाडं द्या म्हणजे झालं. नाममात्र." तरसेशेठ खूप हसले.

काटेकरांनी झाडाच्या सालीवर पंजा उठवला. शेठांनी बटण दाबलं. टिंग, टिंग, टिंग! इतका वेळ टिंग होत राहिलं की काटेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "मंजुळे, आपण ग्रह घेतला."

मंजुळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्या दगडाच्या अकरा दिवसांचे किती लावले?"

काटेकरांना हे बोलणं फार मागासलेलं वाटलं.

बातमी पसरली. घोरपड्यांनी आपली कपार विकून एक चंद्र घेतला. सशांच्या सहा कुटुंबांनी मिळून एक धूमकेतू घेतला. महिन्याभरात अर्ध्या जंगलाला आकाशात जागा झाली आणि जमिनीवर कोणाचीच राहिली नाही. तरसेशेठ मात्र बिचारे जमिनीवरच राहिले.

महिना संपला. शेठ भाडं मागायला आले.

"चाळीस कंद," ते म्हणाले.

काटेकर मोठ्या मनाने हसले. "कंद कशाला, शेठ? चार हजार उल्का देतो. वर शंभर तुमच्या चहापाण्याला."

"उल्का?" शेठांनी कपाळाला हात लावला. "काटेकर, तुमच्या वयाच्या माणसाने असं बोलावं? अहो, तो खेळ आहे! भाडं म्हणजे काय खेळ वाटला तुम्हाला?"

काटेकरांनी कोनाडा धुंडाळला; चाळीस कंद काही भरले नाहीत. आठ दिवसांनी शेठांचे दोन लांडगे आले आणि त्यांनी काटेकर दांपत्याला बाहेर काढलं. थंडीचे दिवस होते. दोघं एका बाभळीखाली जाऊन बसली. शेजारी घोरपडे बसले होते. त्यांना चंद्राविषयी कोणी काही विचारलं नाही.

सकाळी काटेकर उठले आणि थेट सिंहमहाराजांच्या दरबारात गेले. मंजुळाबाई आल्या नाहीत. "मला काम आहे," एवढंच म्हणाल्या.

दरबारात आठ दिवस रांग होती. नवव्या दिवशी काटेकरांचा नंबर लागला.

"महाराज," काटेकर हात जोडून म्हणाले, "उल्का जर खोट्या, तर माझं बीळ विकलंच गेलं नाही. ते मला परत मिळावं. आणि उल्का जर खऱ्या, तर शेठांनी भाड्यात त्या घ्याव्यात. दोन्हींपैकी काहीतरी एकच खरं असणार ना?"

दरबारात कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. महाराजही विचारात पडले. गेल्याच आठवड्यात तरसेशेठांनी त्यांना एक अख्खी आकाशगंगा अर्पण केली होती आणि सोबत दोन हरणं. त्यामुळे महाराजांना अत्यंत निःपक्षपातीपणे विचार करावा लागला.

शेवटी ते म्हणाले, "काटेकर, बारकाईने ऐका. विक्री खरी आहे. फक्त किंमत काल्पनिक आहे. कायद्यात किंमत खरी असावी असं कुठेही लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही," तरसेशेठ म्हणाले.

"पुढचा!" महाराज म्हणाले.

काटेकर मान खाली घालून परतले. बाभळीखाली मंजुळाबाई नव्हत्या.  काटेकरांनी हाका मारल्या, झुडपांमागे पाहिलं. तेवढ्यात पलीकडच्या उतारावर त्यांना ताज्या मातीचा ढीग दिसला. ढिगामागे नवं बीळ होतं आणि त्याच्या तोंडाशी मंजुळाबाई. नखं झिजलेली, अंगभर माती.

"खोली एकच झालीये," त्या म्हणाल्या. "पुढे दगड लागलाय. या, हात लावा."

काटेकर मुकाट्याने आत शिरले आणि खणू लागले.  दुपारी एका बाजूने काटेकरांनी ढकललं, दुसऱ्या बाजूने मंजुळाबाईंनी ओढलं, आणि दगड जरासा हलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं.

एवढ्यात दारात तरसेशेठ.

"वा, वहिनी! काय उजेड, काय वारा! पन्नास लाख उल्का देतो."

काटेकरांचे कान टवकारले. मंजुळाबाई पाठ फिरवून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी अंगावरचा एकूण एक काटा उभा केला. साळिंदर पाठ फिरवून उभं राहिलं की त्याचा अर्थ जंगलात सगळ्यांना कळतो. शेठ घाईने निघून गेले.

त्या दिवशी कंद छान भाजले होते. पण काटेकरांचा घास तोंडातच घोळत राहिला.

"पन्नास लाख होते गं," ते म्हणाले.

तात्पर्य : बाळांनो, खोट्या पैशाने खरी वस्तू मिळत नाही असं मोठी माणसं सांगतात. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. हमखास मिळते. फक्त बटण आपल्या आसनाजवळ असावं लागतं.