सोनकीच्या पायाची दोन मापं

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वलदादा होते. मोडलेले पाय जोडायचे आणि जोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवायचे. फी घ्यायचे नाहीत हो! रोग्यामागे सिंहमहाराजांच्या कोठारातून त्यांना मध मिळायचा. रोगी जितका अधू, तितका मध जास्त.

एकदा सोनकी नावाची हरणी दरडीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. दादांनी तो जोडला खरा, पण पाय पार आखडून गेला. तिचं पाडस ओढ्यापलीकडे मावशीकडे अडकलेलं, आणि उडी मारल्याशिवाय ओढा ओलांडता येत नव्हता.

"दादा, कधी हो मारीन मी उडी?"

"रोज चालवलं तर महिनाभरात. पण तू किती अधू आहेस ते आधी ठरू दे बाई. त्याशिवाय मध सुटत नाही."

ठरवणारे दोघे होते. जंगलाच्या एका टोकाला वडावर माकडशास्त्री, दुसऱ्या टोकाला तळ्यात कासवपंत. दोघांची मापं वेगळी.

शास्त्रींनी विचारलं, "झाडावर चढता येतं?"

"नाही."

"शेपटीनं लोंबकळता येतं?"

"अगं बाई! नाही हो."

"अरेरे! शंभरपैकी शून्य. पूर्ण अधू!"

सोनकी लंगडत तळ्यावर गेली. पंतांनी तिला आपल्याबरोबर दहा पावलं चालवलं. ती पुढे निघून गेली.

"शंभरपैकी शंभर! ठणठणीत आहेस की. मध कशाला?"

दोन्ही निकाल ऐकून महाराजांनी डोकं खाजवलं आणि हुकूम काढला. दोन्ही मापांची तुलना करा. रोज दोघांकडून मोजून घ्या. आणि तोवर उपचार बंद. पाय सुधारला तर तुलना बिघडेल ना!

सोनकी रडकुंडीला आली. "अहो, माझं लेकरू विसरेल मला!" पण ऐकतो कोण? रोज सकाळी वड, रोज संध्याकाळी तळं. मधे कोसभर वाट आणि एक टेकडी. धापा टाकत, दोघांच्या नावानं बोटं मोडत बिचारी चालायची.

महिना झाला. शास्त्रींचं शून्य शून्यच, पंतांचे शंभर शंभरच. "माझं माप किती पक्कं बघा, जरासुद्धा हललं नाही!" दोघंही छाती फुगवून म्हणाले.

एकतिसाव्या दिवशी सोनकी टेकडीवर चढली, तेवढ्यात ओढ्यापलीकडून पाडसाची हाक आली. मग कसला वड आणि कसलं तळं! ती सुसाट धावली आणि ओढ्यावरून अशी उडी मारली, की पाडस घाबरून मावशीच्या पोटाखाली शिरलं. मग ओळख पटली. मायलेकरांनी एकमेकांना चाटून चाटून ओलं केलं.

अस्वलदादा खुशीत मध मागायला गेले.

"तुम्ही काय केलंत?" महाराजांनी विचारलं.

"काहीच नाही, महाराज. हुकूमच होता तसा."

"मग मध कसला?"

सगळा मध शास्त्री आणि पंतांना मिळाला. अर्धा अर्धा.

तात्पर्य: बाळांनो, पाय मोडला तर वैद्याच्या मागे लागू नका. मोजणारे दोघे गाठा. फक्त त्यांची घरं एकमेकांपासून चांगली लांब आहेत ना, तेवढं आधी बघून घ्या.