साळवे सरांचं साडीगार्ड

परतूरच्या मोंढ्यातून, भर बाजाराच्या दिवशी, मी मोटारसायकलवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसून गेलेलो आहे. वय एकोणसाठ, वजन ब्याऐंशी किलो, अंगात पांढराशुभ्र पायजमा. सरकीच्या पोत्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. एक ओळखीचा आडत्या ओरडला, "जाधव सर, पदर सांभाळा!" गाडी चालवणारे साळवे सर मात्र मान वळवून शांतपणे विचारत होते, "मागं कसं वाटून राह्यलं? बराबर सांगा, लाजू नका."

लाजायला तोवर माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. त्या आठवड्यातली ही चौथी फेरी होती.

साळवे सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी मराठी. तीस वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसलो आणि आता निवृत्त होऊन एकाच गल्लीत समोरासमोर राहतो. माणूस काटकुळा, शर्टाचं गळ्याजवळचं बटण कायम लावलेलं, खिशात टोक केलेली पेन्सिल. दिसेल ते मोजायची त्यांना सवय. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने किती पुऱ्या खाल्ल्या हे ते विचारल्याशिवाय सांगतात आणि मैत्री गमावतात. स्वतःचं लग्न मात्र केलं नाही. का नाही केलं, असं कुणी छेडलं तर म्हणतात, "उदाहरण सुटलं न्हाई, तेवढ्यात टाइम संपला."

अशा माणसाने पन्नाशीत ॲडव्हेंचर मोटारसायकल घेतली, तेव्हा सगळं परतूर चाट पडलं. जाहिरातीत त्या गाडीमागे बर्फाचे डोंगर होते. सर हिमालयात जाणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. चहाच्या हॉटेलात तर त्यांच्या निघण्याची तारीखही पक्की झाली होती. सर दर शनिवारी त्या गाडीवर बसून तीर्थपुरीकडच्या आपल्या गावी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. सात-आठ वर्षांत गाडीने याहून मोठा पराक्रम केला नाही.

मागच्या वर्षी त्याच गाडीची सुधारित आवृत्ती आली आणि सरांची झोप उडाली. नवी घ्यावी की जुनीलाच सुधारावं? दुसरा कुणी असता तर आठ दिवसांत निकाल लावून मोकळा झाला असता. सरांनी दोनशे पानी वही आणली. मधोमध पट्टीने रेघ मारली. डावीकडे 'नवी', उजवीकडे 'जुनी'. इंजिन, ब्रेक, शॉकप, टायर, एकेक मुद्दा आणि त्यापुढे दहापैकी गुण. पेपर तपासताना अर्ध्या गुणासाठी पोरांना रडवणारा माणूस. त्याने नव्या गाडीलाही ग्रेस दिला नाही.

त्या निमित्ताने जालन्याच्या शोरूममधल्या अल्ताफची आणि त्यांची गाठ पडली. अल्ताफ मूळचा शहागडचा, तिशीतला, बोलण्यात तरबेज. त्याने सरांना समोरचा पडदा दाखवला, त्यावर उमटणारा नकाशा दाखवला, गाडी सुरू करून आवाज ऐकवला. सर डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. मी शेजारीच होतो. माणूस पाघळला होता, हे मी शपथेवर सांगतो.

"मंग सर? बुक करू?" अल्ताफने विचारलं.

सरांनी डोळे उघडले. "बराबर हाय सगळं. पण मागच्याचं काय?"

"मागं कोन बसतं सर तुमच्या?"

"सध्या कोनी न्हाई."

"मंग?"

"म्हणूनच इचारून राह्यलो. साडीगार्ड कुठंय हिचं?"

अल्ताफने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. डोंगरदऱ्यांतून उड्या मारणाऱ्या गाडीला साडीगार्ड मागणारा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच ब्रह्मचारी असावा.

'मागच्याचं काय?' हा प्रश्न मग गावात म्हणीसारखा झाला. कुणी नवा फ्रीज घेतला तरी पोरं विचारायची, मागच्याचं काय? सर हसायचे आणि आपलं काम करत राहायचे. जुन्या गाडीवर रोज काहीतरी चढत होतं. वेल्डरकडून मागच्या चाकाला साडीगार्ड बसवून घेतलं, मागची सीट चार बोटं खाली घेतली. डाव्या अंगाला पाय ठेवायला म्हणून भंगारातल्या शिलाई मशीनचं लोखंडी पायडल बसवलं. मागच्या चाकावर ट्रकचं जाड रबर लावलं. त्यावर 'धन्यवाद' लिहिलेलं होतं, पण रबर कापताना त्यातलं 'वाद' गेलं आणि सरांच्या मागे फक्त 'धन्य' राहिलं. समोरचं चाकाला खेटलेलं मडगार्ड काढून हातभर वर नवं ठोकलं. आणि टाकीच्या बगलेला क्लिप लावून त्यात चक्क एक खुरपं अडकवलं. मोटारसायकलला खुरपं लावलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

प्रत्येक बदलानंतर चाचणी, आणि चाचणीला मागे मी. गल्लीमागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सरांनी काळ्या मातीचा चिखल कालवून ठेवला होता. त्यातून मला पांढऱ्या पायजम्यात, एका बाजूने बसवून नेत. परत आल्यावर मला ओट्यावर उभं करत आणि चष्मा कपाळावर चढवून, पेन्सिलीच्या टोकाने पायजम्यावरचे ठिपके मोजत. पहिल्या दिवशी चौसष्ट. रबर लावल्यावर एकतीस. साडीगार्डला आतून पत्रा ठोकल्यावर नऊ. ठिपके कमी होत गेले तसा सरांचा चेहरा उजळत गेला आणि माझी बायको माझ्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी एका संध्याकाळी मी संपच पुकारला. "साळवे, कोण बसणार आहे ते सांगा. नाहीतर उद्यापासून दुसरा पायजमा शोधा."

सरांनी पेन्सिल खिशात खोचली. मग म्हणाले, "आक्का झेंडा लावणार हाय."

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. साठी ओलांडलेली. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हा माहेरी आली ती शेतातल्या वस्तीवरच राहिली. गावच्या शाळेत वीस वर्षं पोरांची खिचडी तिनं शिजवली. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काम सोडत होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं, यंदा पंधरा ऑगस्टचा झेंडा आक्काच्या हातून फडकवायचा.

"मंग अडचण काय?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या शेजाराने माझ्याही तोंडी 'मंग' बसला आहे.

"वस्ती ते शाळा तीन किलोमीटर. काळी माती. ऑगस्ट महिना. तिनं गेल्या चौदा एप्रिलला घेतलेली पांढरी साडी इस्त्री करून ठेवली हाय. अजून घडी मोडली न्हाई."

"ट्रॅक्टर?"

"मागल्या साली त्याच रस्त्यात रुतला, दुसऱ्या दिवशी निघाला. आन् ती ट्रॉलीत बसत न्हाई. म्हणती, मी काय पोतं हाय का?"

"मग साडी पिशवीत घ्यायची. शाळेत बदलायची."

"तेबी इचारलं." सर हळूच हसले. "म्हणली, 'मिल्या, आयुष्यभर मी त्या रस्त्यानं चिखलातच गेले. एक डाव तरी वस्तीवरून नेसून निघंल, सगळ्यायच्या देखत.' मी शब्द देऊन बसलो, जाधव. म्हणलं, ठिपका पडू देनार न्हाई."

ज्यांच्या नावाने अख्ख्या तालुक्यातली पोरं चळाचळा कापली, ते साळवे सर कुणाचे तरी मिल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी मुकाट्याने दुसऱ्या दिवशीचा पायजमा भिजत घातला.

तरीही नवीचा मोह सुटलेला नव्हता. वहीत नवी पुढेच होती. फक्त 'मागच्याचं काय' या ओळीत दोन्हीकडे जागा रिकामी होती. सरांनी ठरवलं, प्रश्न चिखलातच सुटेल. अल्ताफ सुट्टीला शहागडला येणारच होता. त्याला सांगितलं, पंधरा ऑगस्टला सकाळी डेमोची गाडी वस्तीवर घेऊन ये. तुझी चालली तर आक्का तुझ्या गाडीवर, आणि तिथेच बुकिंग.

चौदा तारखेला दुपारी आम्ही वस्तीवर पोचलो. अर्थात मी एका बाजूने बसून. आक्का दारातच उभी होती. ठेंगणी, काटक, हातात काठी. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, मला वाटलं मिल्यानं बायकू आनली."

रात्रभर पाऊस पडला. सकाळी उघडलं, तेव्हा रस्ता म्हणून जे होतं त्याला रस्ता म्हणणं हा शिष्टाचार झाला असता. साडेसहाला फोन वाजला. अल्ताफ शाळेकडून निघाला होता आणि वस्तीपासून शंभर पावलांवर अडकला होता. आम्ही चालत गेलो. नवी गाडी ऐटीत उभी होती. पडायचं म्हटलं तरी पडली नसती, इतकी माती चाकात आणि मडगार्डात गच्च बसली होती. पुढचं चाक तसूभर फिरत नव्हतं. पडद्यावर मात्र नकाशा स्वच्छ दिसत होता आणि आम्ही नेमके कुठे रुतलो आहोत ते निळ्या बाणाने दाखवत होता.

"गाडी में कुच खराबी नै सर," अल्ताफ कळवळून म्हणाला.

"गाडीची बिलकुल गलती न्हाई," सर म्हणाले. "ती डोंगरासाठी बनली. डोंगर सरळ माणूस असतो. काळी माती पाय धरती." आणि त्यांनी क्लिपमधलं खुरपं आणून नवीच्या चाकातली माती स्वतः काढून दिली. जिंकलेल्या माणसाने एवढा मोठेपणा दाखवलेला मी क्वचितच पाहिला आहे. तोंडावर मात्र हसू मावत नव्हतं.

साडेसातला आक्का बाहेर आली. पांढरीशुभ्र साडी, कडक इस्त्री, केसांना तेल. आजूबाजूच्या चार घरांतली माणसं जय भीम करून बाजूला उभी राहिली. तिनं शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवला, सरांच्या खांद्याचा आधार घेतला आणि जाऊन बसली. ज्या सीटवर मी आठ महिने अब्रू घालवली, तिथे आक्का पाटलिणीसारखी शोभत होती. मला चक्क हेवा वाटला.

गाडी निघाली. मी आणि अल्ताफ चपला हातात घेऊन मागून पळत होतो. पहिल्या वळणावर मागचं चाक सरकलं. आक्का हलली नाही. बाभळीपाशी चिखल दाटला. सरांनी पाय टेकले, खुरपं काढलं, चाक मोकळं केलं, पुढे. ओढ्यात घोटाभर गढूळ पाणी होतं. तिथे सर थांबले आणि मागे न बघता काहीतरी बोलले. आक्कानं त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. गाडी पाण्यातून अशी हळू गेली, जशी भरली घागर डोक्यावर घेऊन बाई चालते. पलीकडे चढ. इंजिन घुमलं, चाक गरकन फिरलं, 'धन्य' लिहिलेलं रबर चिखलाने माखून गेलं आणि गाडी वर! शाळेच्या भिंतीवर चढलेल्या पोरांनी एकच गिल्ला केला, "खिचडीवाली आक्का आली!" अल्ताफ भर रस्त्यात शिट्ट्या मारायला लागला. मीही मारली असती, पण दम नव्हता.

आठ वाजून पाच मिनिटांनी आक्कानं दोरी ओढली. झेंडा वर गेला, फुलं खाली पडली. तिनं कपाळाला हात लावून सलाम केला आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत त्या दुखऱ्या गुडघ्यांवर काठीशिवाय उभी राहिली. मला रडू आवरलं नाही, आणि आवरावंसं वाटलंही नाही.

लाडू वाटले जात होते तेव्हा सर कुठे दिसेनात. पाहतो तर खुर्चीवर बसलेल्या आक्काच्या पायाशी, चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. साडीचा काठ न् काठ तपासत होते.

"किती?" मी विचारलं.

"एक." सरांचा चेहरा पडला होता. मागच्या बाजूला, टाचेपाशी, तिळाएवढा. "ओढ्यात पडला असंल. शब्द गेला माझा, आक्का."

"येडं हाय का हे," आक्का मला म्हणाली. "जाधवभाऊ, ह्यो पहिलीत होता तवा मी चौथीत. ह्याच रस्त्यानं यायचो. ह्याचे पाय रुतले की रडायचा, मंग मी पाठुंगळी घ्यायची ह्याला. ह्याचे चिखलाचे दोन पाय माझ्या दोन्हीकडून लोंबायचे. एकच परकर होता मला. वर्गात पोरी हसायच्या. रोज सांजच्याला धुवायची, चुलीपुढं वाळवायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पर ह्याला आनून सोडायची मी, पार सातवीपतूर."

सर पेन्सिलीच्या टोकाने तो ठिपका खरवडत होते.

"मघा ओढ्यात काय म्हणला म्हायती का? 'आक्का, भ्या वाटतंय का? उतरतीस का?' लहानपणी पाठीवर बसून रोज हेच इचारायचा, आक्का, उतरू का. म्हणून हाणला गुद्दा." तिनं वाकून सरांच्या खिशात पेन्सिल परत खोचली, आणि त्यांच्या पिकल्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या परकरावर तुझे किती ठिपके पडले, मिल्या? मी कवा मोजले का?"

साळवे सरांनी आयुष्यात पहिल्यांदा आकड्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. त्यांनी आक्काच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि भरल्या शाळेसमोर, लाडू घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या देखत, ते लहान मुलासारखे रडले.