खड्ड्याच्या मापाची गाडी

बेंगळुरातल्या व्हाइटफील्डमधल्या आमच्या 'पर्पल मेडोज' संकुलाच्या दोन नंबरच्या गेटसमोर एक खड्डा आहे, ही बाब रहिवासी संघाने रीतसर नोंदवून घेतली होती. संघाचा चिटणीस या नात्याने मी स्वतः त्यात पाय घालून खातरजमाही केली होती. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत अख्खी नोकरी काढून मी इथे मुलाकडे राहायला आलो. कोणतीही अडचण नोंदवून घेतली की ती निम्मी मिटते, असा माझा तिथला अनुभव. हा खड्डा मात्र नोंदीनंतरही होता तेवढाच राहिला.

त्यातच चौथ्या मजल्यावरच्या आसावरीला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाकी सगळं छान आहे, फक्त गाडीतून येता-जाता धक्के बसता कामा नयेत. पुढे त्रास होईल. हॉस्पिटलचा रस्ता दोन नंबरच्या गेटवरून जातो. एक नंबरचं गेट आम्ही सुरक्षेच्या कारणास्तव कायमचं बंद ठेवलेलं आहे. म्हणजे आसावरी, तिचं बाळ आणि हॉस्पिटल यांच्या मध्ये आता फक्त तो खड्डा होता.

आसावरीचा नवरा शुभंकर एका सॉफ्टवेअर कंपनीत सोल्यूशन आर्किटेक्ट आहे. त्याने गेटपाशी उभं राहून बराच वेळ विचार केला.

"काका, खड्डा आपल्या कंट्रोलमध्ये नाहीये," तो मला म्हणाला. "गाडी आहे. आपण गाडीच्या बाजूने सॉल्व्ह करू."

"हळू चालवलीस तर?" आसावरीने विचारलं.

सूचना फारच सोपी असल्यामुळे तिच्यावर चर्चा झाली नाही. त्या महिन्याअखेर शुभंकरने चारही चाकं ओढणारी एक दांडगी गाडी घरी आणली. जाहिरातीत ती नदीतल्या दगडावर उभी होती आणि आत एक कुटुंब हसत होतं. आम्ही पेढे वाटले, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि आसावरीला बसवून खड्ड्यावरून एक फेरी मारली. धक्का बसला.

"कंपनीचेच स्टॉक टायर आहेत ना, म्हणून," शुभंकर म्हणाला.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, विठोजी अण्णांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. सकाळी निघालो तो जेवणाच्या वेळेला पोचलो. विठोजी अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं. पूर्वज घोड्यांची खोगिरं बांधत, अण्णा गाड्यांचे सस्पेन्शन बघतात. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तिच्याकडे फार करुणेने पाहिलं.

"सर, हे तीस इंची टायर म्हणजे भाजी आणायचं टायर. तेहतीस घालू या की. टायर मोठं झालं की खड्डा आपोआप बारीक होतो."

हे शास्त्र मला ताबडतोब पटलं. तेहतीस इंची टायर बसले, ते मात्र वळताना मडगार्डला घासू लागले.

"घासणारच की. गाडी स्वल्प वर उचलावी लागती," अण्णा म्हणाले. "लिफ्ट किट घालू या. नवी स्प्रिंग, नवे शॉकअप. अक्कांच्या पोटातलं पाणी हलणार नाही. सरी ना?"

सरी, म्हणजे ठीक, असं आम्ही म्हणालो. गाडी उचलली. आता खड्ड्यात ती आपटेना, पण उसळू लागली. दुसऱ्याच फेरीत आसावरीने एका हाताने पोट धरलं आणि दुसऱ्याने शुभंकरचा कान. आम्ही पुन्हा अण्णांकडे गेलो.

"रिकामी गाडी उडणारच की, सर. ही स्प्रिंग डोंगरात सामान लादून जाणाऱ्या गाडीची. वजन ठेवा."

वजन म्हणून पुढे लोखंडी बंपर आला, बंपरवर चिखलातून गाडी ओढून काढायचं विंच आलं, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर तंबू, फावडं आणि दोन जादा टायर. एवढं वजन झाल्यावर गाडी खाली बसली आणि टायर पुन्हा घासू लागले. मग आणखी कडक स्प्रिंग घातल्या. कडक स्प्रिंगमुळे गाडी पुन्हा उडू लागली, तेव्हा आणखी वजन ठेवलं. आसावरीला सहावा लागेपर्यंत गाडीची वाढही अगदी समाधानकारक झाली होती.

मोठ्या टायरांचा एक फायदा झाला. टायर मोठं झालं की गाडी जोरात पळते, पण मीटर जुन्याच टायरचा वेग दाखवतं. "बघ, हळूच चालवतोय," शुभंकर काट्याकडे बोट दाखवून म्हणे. आसावरी वरची दांडी दोन्ही हातांनी धरून मान हलवी.

संकुलात या गाडीचं वजन पडलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने आपली गाडी उचलली, मग त्याच्या शेजाऱ्याने त्याहून वर उचलली. पार्किंगमध्ये पूर्वी मुलांच्या मार्कांची चौकशी व्हायची, तिथे आता टायरच्या इंचांची होऊ लागली. मीही नैतिक पाठिंबा म्हणून माझी छोटी गाडी थोडी उचलून घेतली. ती तेव्हापासून कायम दचकल्यासारखी दिसते. एवढ्या अवजड गाड्या रोज त्यातून जाऊ लागल्यावर खड्डाही मागे राहिला नाही. तो रुंद झाला, खोल झाला, आणि मग सर्वांना आपापले टायर अपुरे वाटू लागले.

सातव्या महिन्यात शुभंकरची गाडी तळघरातल्या पार्किंगच्या तुळईखालून जाईना. संघाने तातडीची बैठक घेतली. बॅडमिंटन ही जीवनावश्यक बाब नसल्याचं एकमताने ठरलं आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीलगतच्या बॅडमिंटन कोर्टवर उभी राहिली.

त्याच सुमारास माझ्या पत्नीने, वासंतीने, आसावरीचं डोहाळजेवण करायचं काढलं. झोपाळ्यावरचं झालं, नावेतलं झालं, चांदण्यातलं झालं. आता काहीतरी नवं हवं, असं मराठी मंडळातल्या बायकांचं मत पडलं. गाडीतलं डोहाळजेवण ठरलं. बंपरला झेंडूच्या माळा घातल्या, विंचच्या हुकाला आंब्याचा डहाळा बांधला. हिरवी साडी नेसलेल्या, फुलांचे दागिने घातलेल्या आसावरीला रंगाऱ्याच्या शिडीवरून सावकाश पुढच्या सीटवर चढवलं. आणि रंगारी शिडी घेऊन बी विंगला निघून गेला.

आता ओटी भरायची कशी, असा प्रश्न आला. खाली उभ्या बायकांचे हात आसावरीच्या घोट्यापर्यंतच पोचत होते. शेवटी नारळ बॅडमिंटनच्या रॅकेटवर ठेवून वर पोचवण्यात आला. तांदूळ खालून उधळले, ते बहुतेक वासंतीच्याच डोक्यावर पडले. बायका हसून हसून कोर्टवर बसल्या, गाणी म्हणाल्या, जेवल्या आणि घरी गेल्या. शुभंकर शिडी शोधत फिरत होता. आसावरी तिन्हीसांजेपर्यंत फुलांचा मुकुट घालून एकटीच वर बसून राहिली. त्या उंचीवरून कंपाउंडच्या भिंतीपलीकडचा सगळा रस्ता दिसतो. ती बराच वेळ तिकडे बघत होती, आणि तिच्या हातात फोन होता.

पुढच्याच आठवड्यात पालिकेचे इंजिनिअर गुरुप्रसाद खडी, डांबर आणि चार माणसं घेऊन गेटवर हजर झाले.

"कंप्लेंट आया है सर, फोटो के साथ," ते म्हणाले. "गड्ढा फिल करना है."

मी नोकरीत असंख्य आपत्ती पाहिल्या आहेत, पण अशी एकही नव्हती. मी त्यांना संघाची परवानगी लागेल असं सांगून परत पाठवलं आणि सर्वसाधारण सभा बोलावली. सभेत संतापाची लाट उसळली. खड्डा बुजवला तर आमच्या टायरांचं काय? स्प्रिंगांचं काय? सपाट रस्त्यावर तेहतीस इंची टायर घेऊन फिरणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील? एकाने तर खड्ड्यामुळे संकुलात चांगल्या गाड्यांचे लोक राहायला येतात, असंही दाखवून दिलं. ही तक्रार करणारा फितूर कोण, ते आधी कळलं पाहिजे, अशी मागणी झाली.

मागच्या रांगेत आसावरी खुर्चीचा हात धरून उठली. "मी केली."

शुभंकर खुर्चीतच मागे वळला. "अगं, पण मग मी हे सगळं कुणासाठी केलं?"

"मलाही तेच विचारायचं होतं," ती म्हणाली. "मला भीती वाटते रे. त्या खड्ड्याची नाही, तुझ्या गाडीत बसायची."

मला त्या क्षणी पोरीची फार दया आली. माझी सख्खी मुलगी असती तर मी उठून तिच्या बाजूला उभा राहिलो असतो. पण मी चिटणीस होतो. खड्ड्याभोवती आळीपाळीने गाड्या उभ्या करून त्याचं संरक्षण करावं, हा ठराव मी वाचून दाखवला आणि तो प्रचंड बहुमताने मंजूर झाला.

आसावरीला नववा भरला आणि कळा सुरू झाल्या, त्या सकाळी संरक्षणाची पाळी शुभंकरच्या तुकडीची होती. गुरुप्रसादांची माणसं पुन्हा आली होती. एका बाजूला त्यांचा डांबराचा ट्रक, दुसऱ्या बाजूला आमच्या उंच गाड्यांची रांग, आणि मध्ये मी ठरावाची प्रत धरून उभा. तेवढ्यात वासंतीच्या खांद्यावर भार टाकून आसावरी गेटपाशी आली. कपाळावर घाम, ओठ दाताखाली.

"शुभंकर, गाडी काढ," ती म्हणाली.

"काढतो, काढतो. शिडी आणतो फक्त, दोन मिनिटं."

"मला बसायचं नाहीये तिच्यात. रस्त्यातून काढ."

शुभंकरने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. बाप होण्याची वेळ आली की माणसाला थोडी अक्कल येत असावी. तो टायरवर पाय देऊन कसाबसा वर चढला आणि गाडी मागे घेतली. त्याच्यामागे बाकीच्यांनीही घेतल्या. गुरुप्रसादांच्या माणसांनी खडी ओतली, डांबर टाकलं, रोलर फिरवला. वासंतीचं एक स्तोत्र आणि आसावरीच्या तीन-चार कळा होईपर्यंत काम संपलं. ट्रकमागे अडकून हॉर्न वाजवणाऱ्या एका रिक्षात आसावरी बसली, शेजारी शुभंकर बसला. रिक्षा त्या जागेवरून गेली, आणि धक्का बसल्याचं मला तरी दिसलं नाही. तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

गाडीचं मात्र अवघड होऊन बसलंय. सपाट डांबरावर ते टायर असे घुमतात की बाळ दचकून उठतं. घरात एक तर गाडी राहील नाही तर आम्ही दोघी, असं आसावरीने स्वच्छ सांगितलंय. म्हणून गाडी विकायची जबाबदारी संघाने माझ्यावर सोपवली आहे.

एवढं सगळं तुम्हाला सांगायचं कारण हेच. परवा मी तुमच्या रस्त्यावरून जाऊन आलो. तुमच्या घरासमोरचा खड्डा पाहिला. आमच्यापेक्षा चांगला आहे. याची तक्रार कुणी केली आहे का, म्हणून तुमच्या शेजारीपाजारी चौकशी केली, तर दुसऱ्या कुणीतरी केली असेल, असं प्रत्येकाने सांगितलं. तेव्हा निर्धास्त मनाने विचारतो, गाडी बघायला कधी येता?