वेंडल प्रुइटचे न फसणारे कान

वेंडल प्रुइटचे कान कधी फसत नाहीत, हे सगळ्या टॉलिव्हर गावाला माहीत होतं. माहीत नसून जातं कुठे? आठवड्यातून तीन दिवस वेंडल स्वतःच ते रेडिओवरून सांगायचा!

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या डोंगरातलं छोटं कॉलेज, कॉलेजचं छोटं रेडिओ केंद्र, आणि त्यावर दुपारी चार ते सहा वेंडलचा कार्यक्रम. केंद्र दहा वॅटचं. म्हणजे फ्रिज उघडल्यावर आत जो दिवा लागतो, साधारण तेवढ्या ताकदीचं! गावाबाहेरचा रेल्वेपूल ओलांडला की वेंडलचा आवाज खरखरत विरायचा आणि त्याच्या जागी कुठलेतरी पाद्रीबुवा बोलायला लागायचे. पण पुलाच्या अलीकडे वेंडल राजा होता.

साल अठ्ठ्याऐंशी. मोठी स्टेशनं केस फुगवलेल्या गायकांचं दळण दिवसभर दळत होती. ज्यांना ते नकोसं झालं होतं, ती पोरंपोरी असल्या किडकिड्या केंद्रांना कान लावून बसायची. इथे तळघरांत आणि मोटारींच्या गॅरेजांत रचलेली गाणी लागायची, आणि एखादं गाणं आधी कुणी शोधलं यावरून जिवलग मित्र महिना महिना अबोला धरायचे.

"मला पहिली दहा सेकंदं ऐकवा," वेंडल म्हणायचा, "गाणं जगणार की मरणार, तिथल्या तिथे सांगतो!"

"कानांचं कौतुक आटपलं असेल तर टेबल धर," काचेपलीकडून लोरेटा ओरडायची. "सुई उडतेय!"

लोरेटा गॅस्किन्स केंद्राची प्रमुख. शेवटच्या वर्षाला होती, पण तिला प्राध्यापकसुद्धा घाबरायचे. आणि टेबलाचं तिचं म्हणणं खरंच होतं. ज्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअर होता, त्याचा एक पाय आखूड. वेंडल ताल धरून पाय आपटायला लागला की गायक उचकी लागल्यासारखा गायचा.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी टपालाने एक मोठी तबकडी आली. 'ओली शिडी' नावाच्या कुणा बँडची. कोरं पाकीट, त्यावर घरी कोरलेला रबरी शिक्का, गाण्याचं नाव 'टाकीवरचं नाव'. आत एक जाडसर चिठ्ठीही होती. आता चिठ्ठ्यांत काय असतं? 'कृपया आमचं गाणं लावा, आम्ही फार मेहनत घेतली आहे.' वेंडलने ती न वाचताच चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल एकदम स्थिर! वेंडलला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्याने बटण तेहतीसवर ठेवलं, कारण मोठ्या तबकड्या मिनिटाला तेहतीस फेऱ्यांनी आणि छोट्या पंचेचाळीसने वाजवायच्या, हे रेडिओतलं शेंबडं पोरही सांगेल.

सुई टेकली, आणि वेंडलच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

गिटारचा एकेक सूर असा येत होता, की तो पूर्ण विरेपर्यंत पुढचा वाट बघत उभा राहतोय. ढोल तर दूर डोंगरापलीकडे कुणी दार लावावं तसा. आणि मग तो आवाज! भारी, खोल, दमलेला, सगळं पाहून झालेल्या माणसाचा. गावच्या पाण्याच्या टाकीवर कुणीतरी कुणाचं तरी नाव रंगवलंय, आणि ते आता उडत चाललंय, एवढंच तो सांगत होता. वेंडलच्या हातावर काटा आला, मानेवर आला, आणि गाणं संपल्यावर तो पूर्ण एक मिनिट काही बोललाच नाही. रेडिओवर एक मिनिट शांतता! लोरेटा काच बडवायला आली होती, पण तीही काचेला हात लावून नुसती उभी राहिली.

फोन वाजला. गाड्या दुरुस्त करणारे ओटिस काका होते. साठी ओलांडलेला माणूस, हा कार्यक्रम फक्त शिव्या द्यायला ऐकायचा.

"पोरा, मी गाडीखाली उताणा पडलोय, फोनही इथेच ओढून घेतलाय," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मला बाहेर यावंसं वाटत नाही. कोण आहे रे हा माणूस?"

वेंडलला कुठे माहीत होतं? पण 'माहीत नाही' हे शब्द त्या तोंडाने कधी उच्चारलेच नव्हते.

"असा आवाज, काका, पन्नाशीशिवाय येत नाही! वीस वर्षं कोळशाची खाण, एक मोडलेलं लग्न, आणि बहुतेक एक फुप्फुस. मला ऐकताक्षणी कळलं. माझे कान—"

"फसत नाहीत, हो. परत लाव!"

वेंडलने परत लावलं. मग दर कार्यक्रमात लावलं. दर वेळी त्या गायकाचं आयुष्य थोडं वाढायचं. नाताळ जवळ आला तोवर तो बिचारा खाणीत दोनदा गाडला जाऊन बाहेर आला होता! वर्षअखेरीला श्रोत्यांनी आवडत्या गाण्यांचा कौल दिला, तर ज्यांची चित्रं वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांत लावलेली होती ती सगळी मोठी नावं मागे, आणि पहिल्या क्रमांकावर 'टाकीवरचं नाव'!

"बोलाव त्यांना," लोरेटा म्हणाली. "शनिवारी चार वाजता, इथे, थेट प्रक्षेपण."

बँड राहायचा शंभर मैलांवर, म्हणजे आपल्या गाण्याचं इथे काय चाललंय हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. वेंडलने दोन पानी पत्र लिहिलं. 'त्या आवाजापुढे आमचं सगळं गाव गप्प होतं,' हे वाक्य त्याने दोनदा लिहिलं आणि दोन्हीकडे तसंच ठेवलं.

शनिवारी दुपारी गंजलेली व्हॅन आली. पुढचं दार उघडून साडेसहा फुटी दाढीवाला धिप्पाड गडी उतरला. वेंडल धावत गेला, त्याचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि जवळजवळ वाकलाच.

"साहेब, तुमचा आवाज! खाणीतले दिवस आठवत असतील ना अजून?"

"मी बक," तो गडी गोंधळून म्हणाला. "घोड्यांच्या दाण्याच्या दुकानात असतो. ढोल वाजवतो. गाते ती."

बकच्या मागून एक मुलगी पुढे आली. पाच फूटही नसेल. तिच्याबरोबरचा बास गिटार वाजवणारा तर गाडीतून उतरून सरळ वायरी सोडवायला लागला.

"नमस्कार, मी डार्ला हॉब्स!" ती म्हणाली, आणि वेंडलने कुठलं लहान पोर बोलतंय म्हणून मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"तुम्ही... गाता?"

"हो ना!" तिने जाकिटाच्या खिशातून त्याचंच पत्र काढलं. घडीघडीवर चुरगळलं होतं. "हे मी रोज वाचते. आमच्या चर्चमध्ये मला फुलदाण्यांच्या मागे उभं करायचे. म्हणायचे, डार्ला, तू नुसते ओठ हलव. सोळा वर्षं मी ओठ हलवले! माझ्या आवाजाला चांगलं म्हणणारे तुम्ही पहिले."

वेंडलने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पण कानांवर त्याचा अजून विश्वास होता. गाताना निघत असेल खोल आवाज, तो मनाशी म्हणाला, असतात अशी माणसं. तेवढ्यात आत बकने ढोल मांडायला जागा हवी म्हणून रेकॉर्ड प्लेअरचं टेबल एका हाताने उचललं, आणि घडीची चिठ्ठी जमिनीवर राहिली. लोरेटाने ती उचलली, उलगडली, वाचली. मग वेंडलची कॉलर धरून त्याला बाहेरच्या बोळात नेलं.

चिठ्ठीवर ठळक अक्षरांत एकच ओळ होती: 'मोठी असली तरी पंचेचाळीसवरच वाजवा, आभारी आहोत. डार्ला.'

"दहा आठवडे!" लोरेटा दातओठ खात पुटपुटली. "दहा आठवडे सगळ्या गावाला हळू फिरणारी तबकडी ऐकवलीस! कोळशाची खाण म्हणे!"

"आपण तिला सांगायलाच हवं का?"

"चार वाजता सगळं गाव रेडिओला कान लावून बसणार आहे, वेंडल्या. तू सांग, नाहीतर गाव सांगेल."

वेंडल आत गेला. डार्ला गिटार लावत होती. तिने वर बघून असं हसून दाखवलं, की याने तोंड उघडलं आणि विचारलं, "उकडलेले शेंगदाणे घेणार?" तीनदा तोंड उघडलं, तीनदा शेंगदाणेच निघाले. तिसऱ्यांदा बिचारीने संकोचून घेतले.

चार वाजले. लाल दिवा लागला. गाणं सुरू झालं, आणि ते धावत होतं! तेच सूर, तेच शब्द, पण पायऱ्या दोन दोन करून उतरणाऱ्या पोरीसारखे. वरचा, बारीक, थरथरता आवाज. पहिली दहा सेकंदं वेंडल जमिनीकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याची मान वर आली. ही डार्ला टाकीवरच्या नावाची आठवण काढत नव्हती. ती या क्षणी शिडी चढत होती, हातात रंगाचा डबा, खाली पडायची भीती, आणि तरीही चढतेय! वेंडलच्या हातावर परत काटा आला. त्या पहिल्या दुपारपेक्षाही मोठा.

गाणं संपलं. फोन वाजला, आणि घाईत लोरेटाचा हात चुकीच्या बटणावर पडून ओटिस काका थेट सगळ्या गावाला ऐकू गेले, आणि भोंग्यावरून स्टुडिओतही.

"वेंडल! खारीला चिमटा कोण काढतंय रे तिकडे? आमचं ते गाणं कधी लावणार?"

बकने काठ्या खाली ठेवल्या. डार्लाचा हात पत्राच्या खिशावर गेला.

"कुठलं गाणं?" तिने विचारलं.

वेंडलने खुर्ची ओढून माइकसमोर घेतली. कान लाल झाले होते, तेच ते न फसणारे कान. "डार्ला," तो म्हणाला, "आणि गावकरी मंडळी, तुम्हीही. मी गाढव आहे." मग त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठी, टेबलाचा पाय, तेहतीस, खाण, फुप्फुस. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "ज्या आवाजापुढे आम्ही गप्प झालो, तो तुझाच होता. फक्त मी तुला हळू चालवलं."

"ऐकवा," डार्ला म्हणाली.

त्याने तेहतीसवर तबकडी लावली. तो खोल, दमलेला आवाज खोलीभर झाला. डार्ला भोंग्याजवळ गेली आणि त्याच्या जाळीला तळहात लावून उभी राहिली. बकने टोपी काढली. तो सोळा वर्षं ओठ हलवत उभा राहिलेला गळा आता सगळी जागा व्यापून बसला होता, आणि कुणालाही हलावंसं वाटेना.

"ही मी?" ती शेवटी पुटपुटली. "ही सगळी माझ्यातच होती?" डोळे पुसता पुसता ती हसायला लागली. "फुलदाण्या फुटल्या असत्या की हो!"

फोन परत वाजला. ओटिस काका या वेळी घसा खाकरून बोलले, "पोरी, मी खार म्हणालो ते विसर. मघाचं ते, पळणारं, परत म्हणतेस? आता नीट ऐकतो. गाडीखालून बाहेर आलोय."

तिने परत म्हटलं. एकदा नाही, तीनदा!

त्याच संध्याकाळी वेंडलने रेकॉर्ड प्लेअरचं बटण पंचेचाळीसवर ठेवून त्यावर चिकटपट्टी मारली, आडवी, उभी, तिरकी. यापुढे त्याच्या कार्यक्रमात फक्त छोट्या तबकड्या आणि 'ओली शिडी'! कान एकदा फसले असतील, पण पट्टी फसणार नव्हती.

मार्चमध्ये 'ओली शिडी'ची नवी तबकडी आली. लोरेटा पाकीट फोडून आतली चिठ्ठी वाचत होती, पण वेंडलला दम कुठला? त्याने तबकडी हिसकावली, सुई टेकवली. धावतं गाणं, वरचा, बारीक, थरथरता आवाज! वेंडलचे डोळे भरून आले. गाणं संपताच त्याने माइक ओढला.

"मंडळी, ऐकलंत? हाच तो गळा! डार्ला हॉब्स! हजार आवाजांत ओळखेन! या पोरीसारखं दुसरं कुणी गाऊच शकत नाही. एकदा चूक झाली असेल, पण आता हे कान—"

काचेवर टकटक झाली. लोरेटाने चिठ्ठी काचेला चिकटवून धरली होती. ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

'तुमच्या गावासाठी खास. तीन महिने हळू वाजवायला शिकलो. या वेळी तेहतीसवरच वाजवा. गायक: बक.'